आपल्याच माणसांना थांबवण्याचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या समाजाचं चारित्र्य घसरत चाललंय, सहिष्णुता शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापुरती उरलीय आणि देशप्रेम म्हणजे मोठ्याने घोषणा देणं झालंय, असं मला वाटतं, तुम्ही इतकी वर्षं मोहल्ला समितीत काम करता, तुम्हालाही तसंच वाटतं का? आणि माझ्यासारख्या नोकरदार माणसाने यात करायचं तरी काय?

मला तसं वाटत नाही. मी या कामात 1992-93 च्या दंगलीनंतर आले, मध्य मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत. वाईट दिवस पुष्कळ पाहिले. तरीही ‘समाजच बिघडला’ हे वाक्य मी कधी मान्य केलं नाही, कारण एकदा ते मान्य केलं की करण्यासारखं काही उरत नाही. आणि ते खरंही नाही. ते मी भिवंडीच्या उदाहरणाने सांगते.

भिवंडी हे यंत्रमागांचं शहर. मे 1970 मध्ये तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, जळगाव आणि महाडलाही तिचं लोण पोचलं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्या सगळ्याची चौकशी केली. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग मुंबई-ठाण्यापर्यंत आली. मग 6 डिसेंबर 1992 उजाडला. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत जे झालं, त्यात, त्याची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे, 900 माणसं मेली. देशात सगळ्यांना भीती होती ती भिवंडीची, आणि भिवंडी शांत राहिली. शहर तेच होतं, माग तेच होते, मालक, कामगार, व्यापारी बहुतेक तेच होते. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांची घरं जाळली होती, तीच वस्ती या वेळी थांबली. एवढ्या थोड्या काळात माणसांचं चारित्र्य बदलत नाही. बदललं होतं दुसरंच काहीतरी.

1988 पासून तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने बसवले आणि बीटवरच्या, म्हणजे त्या भागात रोज गस्त घालणाऱ्या, साध्या पोलिसाला त्या समितीशी जोडून दिलं. या समित्यांपुढे धर्माचे विषय क्वचितच येत. नळाची रांग, तुंबलेलं गटार, पोरांची मारामारी, घरगुती भांडण, उधारी अशा गोष्टी यायच्या. त्यात दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा अंदाज आला, आणि पोलीस म्हणजे फक्त काठी घेऊन येणारा माणूस ही समजूतही हळूहळू गेली. बाबरी पडल्याची बातमी आली तेव्हा कोणाकडे जायचं, कोणाला बोलवायचं, कोणत्या गल्लीत कोणाचा शब्द चालतो, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून हाच प्रश्न तपासला. त्यांचा निष्कर्ष मला माझ्या हद्दीत वारंवार अनुभवाला आला आहे. नुसता शेजारधर्म, म्हणजे ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ, गावात पुरतो. मोठ्या शहरात ताण वाढला की तो टिकत नाही. टिकतात ते व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब, समित्या, जिथे दोन्हीकडच्या माणसांचं एकमेकांवाचून अडतं. फराळाचं ताट मला प्रिय आहे, पण जानेवारी 1993 मध्ये त्याच्या भरवशावर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

मुंबईत असं काम 1994 च्या सुमारास सुरू झालं. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी पुढाकार घेतला. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने लागले. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे हे दोघं वर्षानुवर्षं जोडीने फिरले. दंगलीत ज्या पोलिसाबद्दल मनात राग होता, त्याच्याच गोलंदाजीवर खेळायला पोरं आधी तयार नव्हती. पण खेळली.

आता आमच्या बैठकीत काय चालतं ते सांगते, कारण सहिष्णुता हा शब्द ऐकला की लोकांना भाषण आठवतं. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागते. सीनिअर साहेब, मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे ट्रस्टी, महापालिकेच्या वॉर्डातला माणूस, वीज कंपनीचा माणूस. एकात्मतेवर कोणी चकार शब्द काढत नाही. मिरवणूक मशिदीसमोर किती वाजता येणार, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान किती वाजता, ढोल कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत थांबणार, मंडपाने रुग्णवाहिकेपुरती वाट सोडली आहे का, आणि झेंडे कोणत्या खांबावर लावायचे व सण झाला की कोणी उतरवायचे, यावर तास तास वाद होतो. झेंड्यांचा विषय तर मी सर्वांत आधी घेते. सण संपल्यावर आठवडाभर खांबावर राहिलेला झेंडा काढताना ज्या तक्रारी होतात, त्या मिरवणुकीतल्या तक्रारींपेक्षा चिघळतात.

आवाजाचंही तसंच. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. हा नियम मंडपाला जितका लागू आहे तितकाच भोंग्याला आणि लग्नाच्या वरातीला. पोलिसांनी तो एका बाजूला लावला आणि दुसऱ्या बाजूला डोळेझाक केली की पुढच्या बैठकीत माझं कोणी ऐकत नाही. नियम सारखा लागतोय असा विश्वास बसला की लोक आपण होऊन थोडं जास्त सोडतात, हे मी खूप वेळा पाहिलं आहे.

लोक आपण होऊन किती सोडतात याचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं, पण त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. ईद-ए-मिलाद, म्हणजे पैगंबरांची जयंती, इस्लामी रबीउल अव्वल महिन्याच्या 12 तारखेला येते, अनंत चतुर्दशी भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला. दोन्ही महिने चंद्रावर चालणारे. त्यामुळे ते एकत्र आले की हे दोन सण एक-दोन दिवसांच्या अंतराने येणारच. मग अधिक मास येतो, गाठ सुटते आणि साधारण 32-33 वर्षांनी पुन्हा पडते. ही गाठ 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं पडली. 2023 मध्ये दोन्ही 28 सप्टेंबरला आले. मुस्लिम संघटनांनी जुलूस, म्हणजे ईदची मिरवणूक, 29 तारखेला नेला. 2024 मध्ये ईद 16 सप्टेंबरला आणि विसर्जन 17 ला. मुंबईत जुलूस 18 ला निघाला. 2025 मध्ये ईद 5 सप्टेंबरला, विसर्जन 6 ला. जुलूस 8 ला. सरकारने त्याप्रमाणे सुट्ट्याही बदलल्या.

बातमीत हे एका ओळीत येतं. आतलं मी सांगते. ज्या बुजुर्गांनी हा निर्णय घेतला, त्यांना आपल्या वस्तीतल्या तरुणांपुढे उभं राहावं लागलं. पोरांचा प्रश्न सरळ होता, “दर वेळी आपणच का सरकायचं?” आणि तो प्रश्न रास्त आहे. आमच्याकडच्या एका ट्रस्टींनी त्याला उपदेशाने उत्तर दिलं नाही. विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर गर्दी किती असते, पोलीस किती तास उभे असतात, त्या गर्दीत आपली लहान मुलं जुलूसमध्ये चालवायची का, असं एकेक त्यांनी पोरांसमोर ठेवलं. पोरं मानली, पण खुशीने नाही. म्हणून मी पुढच्या बैठकीत मंडळांच्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर विचारलं की यांनी दिवस बदलला, तुम्ही काय करणार? त्यावरून एका मंडळाने जुलूसच्या वाटेवर पाण्याची सोय केली, दुसऱ्याने आपला मंडप एक दिवस आधी सोडवून रस्ता मोकळा केला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सरकणारा प्रत्येक वेळी एकच असेल तर त्याला सहिष्णुता म्हणू नये, ती नुसती नाइलाजाची गप्प बसण्याची सवय होते.

शहराबाहेरही असे रिवाज आहेत आणि ते कोणी सरकारी योजनेतून आणलेले नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गेली चार दशकं गणपती मशिदीत बसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला तर एकाहून अधिक मशिदींत बसतो. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी गावांत मोहरमच्या पंजांची सेवा हिंदू घरांकडे आहे. ही गावं वेगळ्या मातीची नाहीत. तिथे पिढ्यानपिढ्या कोणीतरी हे काम अंगावर घेतलंय.

आता चारित्र्याबद्दल. परक्या धर्माच्या माणसाशी गोड बोलणं अवघड नसतं. बैठकीत सगळेच गोड बोलतात. अवघड असतं ते आपल्या माणसांना त्यांच्या तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणणं, कारण त्याची किंमत घरात, गल्लीत, नातेवाइकांत मोजावी लागते. साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी उघडावं म्हणून 1 मे 1947 पासून उपोषण केलं, ते 10 मे पर्यंत चाललं. त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावची देवळं आणि पाणवठे उघडायला लोकांना राजी करत. त्यांचा झगडा इंग्रजांशी नव्हता, परधर्मीयांशीही नव्हता, स्वतःच्याच विठ्ठलभक्त लोकांशी होता. हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांनाही सर्वांत जास्त त्रास आपल्याच माणसांनी दिला. चारित्र्य शब्द उच्चारला की मला ही दोन माणसं आठवतात.

एवढं मोठं काही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, पण लहान रूपात येतं. आमच्या हद्दीत एका वर्षी मिरवणूक मशिदीसमोर आल्यावर डीजेच्या गाडीवर कोणीतरी मुद्दाम डिवचणारं गाणं लावलं. त्याच मंडळाचा एक कार्यकर्ता गाडीवर चढला आणि त्याने वायर ओढून काढली. पोलीस हलायच्या आत सगळं मिटलं होतं. पण मंडळातले मित्र कित्येक महिने त्याच्याशी बोलले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्याला कार्यकारिणीत घेतलं नाही. तो अजूनही वर्गणीला फिरतो. दुसरी एक ताई, चाळीत शिवणकाम करते. तिच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मारहाणीचा व्हिडिओ फिरला, ‘आज रात्री आपल्याकडे’ असं लिहून. तिने दुकानांच्या पाट्या नीट पाहिल्या. अक्षरं मराठी नव्हती, हिंदीही नव्हती, गाव आपलं असणं शक्यच नव्हतं. तिने तसं ग्रुपवर लिहिलं. दोन मामांनी तिला ‘जास्त शहाणी’ म्हटलं, पण व्हिडिओ पुढे गेला नाही.

तिच्या या कामाचं वजन कळायला राईनपाड्याची आठवण करावी लागते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, 1 जुलै 2018 ला आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे संदेश मोबाइलवर फिरत होते, आणि त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचं निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. इथे दोन धर्म नव्हते. मारणारे गरीब होते आणि मरणारे त्यांच्याहून गरीब. असहिष्णुतेचा विषय निघाला की आपण लगेच हिंदू-मुसलमान म्हणतो; पण अनोळखी, फिरस्त्या, भाषा आणि वेश वेगळा असलेल्या माणसाची भीती त्याहून खोल आहे.

आणि त्याच रात्री मालेगावात काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तिथेही हीच अफवा होती. एक जोडपं, त्यांचं दोन वर्षांचं मूल आणि सोबतची दोन माणसं जमावाच्या हाती सापडली. वस्तीतल्याच लोकांनी त्यांना एका घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस आले, बाहेर हजारोंचा जमाव ‘आमच्या ताब्यात द्या’ म्हणत होता, पोलिसांच्या गाडीची मोडतोड झाली. पण पाचही जण जिवंत बाहेर पडले. मालेगावने दंगली पाहिल्या आहेत, 2006 आणि 2008 चे स्फोट पाहिले आहेत. जमाव कसा जमतो आणि आवरायचा कसा, हे तिथल्या नागरिकांना आणि पोलिसांना सोसून कळलेलं आहे. राईनपाड्याला दार लावून घेणारं कोणी नव्हतं.

देशप्रेमाबद्दलच्या भागाला उत्तर देताना मी दोन गोष्टींकडे बोट दाखवेन. पहिली घटनेची उद्देशिका. तिच्यात बंधुतेचं वर्णन करताना आधी व्यक्तीची प्रतिष्ठा येते, त्यानंतर राष्ट्राची एकता. हा क्रम मी प्रत्येक शिबिरात वाचून दाखवते. डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सांगितलं होतं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगापलीकडे जाणार नाहीत. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील, असंही त्यांनी त्याच भाषणात विचारलं होतं. म्हणजे त्यांच्या लेखी राष्ट्र ही घडवायची गोष्ट होती.

दुसरी गोष्ट 1986 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची. केरळमधल्या एका शाळेत यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला सांगितलं आणि लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान ती सांगतं, आपली घटना ती आचरते. ती पातळ करू नका. माझ्या बैठकांत या निकालावर नेहमी मतभेद होतात. मी स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने गाते. तरी मला हा निकाल आपल्या देशाबद्दल अभिमान वाटावा असा वाटतो, कारण एवढ्या मोठ्या देशाला तीन मुलांच्या मनाची काळजी घ्यावीशी वाटली.

मात्र आमच्या कामाचं कौतुक करताना त्याच्या मर्यादा झाकणं बरोबर नाही. शांतता समितीत मांडीला मांडी लावून बसणारा माणूस आपल्या सोसायटीत भाडेकरूचं आडनाव आधी विचारतो. घटनेच्या कलम 15 ने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते सगळ्यांना खुले केले, पण भाड्याच्या खोलीचं दार त्यात आलं नाही. मुंबईत, पुण्यात शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या मुसलमान आणि दलित मुलामुलींना घर मिळत नाही, तेव्हा त्यांच्यापुढे सहिष्णुतेवर बोलायला मला जड जातं. आणि 1998 मध्ये आलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानंतरही, ज्यांची माणसं गेली त्यांतल्या अनेकांना न्याय मिळाला नाही. शांतता राखा असं त्यांना सांगण्याआधी मी त्यांची कागदपत्रं घेऊन ठाण्यात गेले आहे, आणि अनेकदा रिकाम्या हाताने परत आले आहे. न्यायाचं काम मोहल्ला समितीने होत नाही. ते न्यायालयाचं आणि सरकारचं आहे, आणि त्याचा आग्रह धरणं आपलं.

मग तुम्ही काय करायचं? तुम्ही नोकरी करता, वेळ थोडा आहे हे मी धरून चालते. आधी सोसायटीपासून सुरुवात करा. तुमच्या इमारतीत घर भाड्याने देताना काय नियम पाळला जातो, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. तोंडी चालणारा भेदभाव कागदावर लिहायची वेळ आली की बरेच लोक मागे हटतात. घरच्या आणि शाळेच्या ग्रुपवर एखादा भडकवणारा संदेश आला तर तिथेच, सगळ्यांदेखत, शांतपणे लिहा की हे जुनं आहे किंवा इथलं नाही. खासगीत लिहून उपयोग होत नाही, कारण गप्प बसलेल्या बाकीच्यांना ते कळत नाही.

आणि पोलीस ठाण्यात जा. लोकांना तिथे पाय ठेवायची भीती वाटते, पण शांतता समितीची बैठक सर्वांसाठीच असते आणि तिथे तरुण नोकरदार माणूस फार क्वचित दिसतो. पहिल्या दोन-तीन बैठकांत फक्त ऐका. कोण कोणाचं ऐकतं आणि कोणता खांब कोणाला खुपतो हे कळायला तेवढा वेळ लागतोच. आपल्या बीटवरच्या हवालदाराचा आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका तरी माणसाचा नंबर घ्या, आणि सणावाराला त्यांना फोन करत जा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो फोन पहिला नसेल. बैठक कधी आहे हे ठाण्यातल्या गोपनीय अंमलदाराला, म्हणजे हद्दीतल्या घडामोडींची खबर ठेवणाऱ्या पोलिसाला, विचारा. बोलवायच्या लोकांची यादी त्याच्याकडे असते, आणि आपलं नाव घ्या म्हटलं तर तो सहसा नाही म्हणत नाही.